घरबसल्या फौजदारी न्यायशास्त्र

खार स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे चालूं लागलें म्हणजे प्रथम आंकड्यांनीं ओळखले जाणारे सरळ रस्ते लागतात. ते संपतां संपतां खारट वारा अंगाला लागतो, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडी दिसतात, आणि मग किनाऱ्यास लागलेल्या होड्या. हा खारदांडा. एका बाजूस इमारतींतून राहणारीं नोकरदार कुटुंबें, दुसऱ्या बाजूस पिढ्यान् पिढ्या समुद्रावर चरितार्थ चालविणारीं कोळी घराणीं. दोहोंच्या चालीरीति निराळ्या, स्वयंपाकही निराळा. परंतु एक पाहुणा हल्लीं दोन्हीकडे सारख्याच धिटाईनें घरांत शिरतो. तो म्हणजे हातांतल्या फोनवर येणारी जाहिरात: "घरबसल्या क्रिमिनल जस्टिसची पदवी मिळवा."

मुलगी नुकतीच बारावी झालेली असते, किंवा सून लग्नापूर्वीं अर्धवट राहिलेलें शिक्षण पुरें करूं पाहत असते. जाहिरात तिच्या मनांत भरते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर विषय निघतो. आजोबा विचारतात, "म्हणजे ही वकील होणार काय?" काका विचारतात, "कां फौजदार?" खून-मारामाऱ्यांचा अभ्यास चांगल्या घरच्या मुलीनें कशाला करावा, असा प्रश्न घरांतल्या वडील स्त्रियांना पडतो, आणि मुलीला ह्यांतल्या एकाही प्रश्नाचें उत्तर धडपणें देतां येत नाहीं, कारण जाहिरातींत तें दिलेलेंच नसतें. पैशाचा निर्णय मात्र त्याच आठवड्यांत करावयाचा असतो. "सवलतीची मुदत रविवारपर्यंत" असें खालीं झळकत असतें.

आजोबांच्या प्रश्नापासून आरंभ करूं, कारण सर्वांत अधिक पैसा त्याच गैरसमजुतीपायीं बुडतो. ह्या पदवीनें वकील होतां येत नाहीं. वकिलीचा धंदा १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें बांधलेला असून कायद्याचें शिक्षण कसें द्यावयाचें हें बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवितें. ती पदवी वर्गांत बसून, हजेरी भरूनच घ्यावी लागते. दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीनें जे विषय शिकवितां येत नाहींत, त्यांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत आहे; तींत वैद्यक, अभियांत्रिकी व शुश्रूषा यांच्या पंक्तीस कायदा बसविलेला आहे. तेव्हां "ऑनलाइन एलएल. बी." देऊं करणारा कोणी भेटल्यास त्याला दारांतूनच नमस्कार करावा.

याचा अर्थ दार कायमचें बंद असा मात्र नव्हे. दहावी-बारावी रीतसर झालेल्या व्यक्तीनें मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी दूरस्थ पद्धतीनें घेतली, तर तेवढ्यामुळें ती तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास अपात्र ठरत नाहीं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तशी तरतूद आहे. मधल्या पायऱ्या गाळून एकदम मुक्त विद्यापीठाच्या पदवीवर उडी घेतलेल्यास तेथें प्रवेश नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. खुल्या वर्गास पदवीला निदान ४५ टक्के गुण लागतात, आणि महाराष्ट्रांत सामायिक प्रवेश-परीक्षा द्यावी लागते. म्हणजे घरच्या घरीं पदवी आणि मग चर्चगेटचें १८५५ सालचें सरकारी लॉ कॉलेज किंवा दुसरें एखादें, हा मार्ग मोकळा आहे. ज्या मुलीचें मन खरोखर काळ्या कोटावरच बसलें आहे, तिनें बारावीनंतर पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रमच सरळ कां घेऊं नये, याचाही विचार त्याच बैठकींत व्हावा.

मग हें शास्त्र आहे तरी काय? गुन्हा घडल्यापासून तों शिक्षा भोगलेला मनुष्य पुन्हां आपल्या घरचा उंबरा ओलांडीपर्यंत जें कांहीं घडतें, त्या साऱ्याचा एकत्र विचार म्हणजे हें शास्त्र. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग हीं तीन खातीं एरवीं एकमेकांकडे पाठ करून बसलेलीं असतात. येथें त्यांना एका ओळींत मांडून पाहतात. कायद्याचा विद्यार्थी विचारतो, कलम काय म्हणतें? ह्या शास्त्राचा विद्यार्थी विचारतो, कलम असूनही फिर्याद नोंदली कां गेली नाहीं, खटला इतकीं वर्षें रखडला कां, आणि सुटून आलेला मनुष्य वर्षाच्या आंत पुन्हां गजांआड कां गेला? समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा व राज्यकारभार यांचा हा गोपाळकाला आहे, आणि आमच्या मतें तो रुचकर आहे.

ह्या विषयाचें विद्यापीठांतील बस्तान मुख्यतः अमेरिकेंत बसलें. कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराचे पोलीस-प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनीं १९०८ सालीं आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली. पोलिसानें केवळ दंडुका न चालवितां पुस्तकही चाळावें, असा त्यांचा आग्रह होता. पुढें १९६७ सालीं अध्यक्षांनीं नेमलेल्या आयोगानें पोलीस पदवीधर असावेत अशी शिफारस केली, आणि १९६८ च्या कायद्यानें नोकरींतल्या पोलिसांच्या कॉलेज-शिक्षणास सरकारी पैसा मिळूं लागला. पैसा आला तसे अभ्यासक्रम निघाले. दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या शिपायास वर्गांत नियमानें बसणें कठीण, तेव्हां इंटरनेट आल्यावर ऑनलाइन वर्ग त्याच्या सोयीचे ठरले.

एवढें समजलें म्हणजे जाहिरातीचा उलगडा होतो. ती पदवी मुख्यतः अमेरिकेंतल्या नोकरदारासाठीं घडविलेली आहे. तींत शिकविला जाणारा कायदा तेथला, पुराव्याचे नियम तेथले, ज्यूरीही तेथलीच. आपल्याकडची ज्यूरी केव्हांच गेली. १९५९ सालचा नानावटी खटला हा मुंबईंत ज्यूरीपुढें चाललेल्या अखेरच्या गाजलेल्या खटल्यांपैकीं, आणि घरांतल्या ज्येष्ठांना त्याच्या बातम्या अजून आठवत असतील. खारदांड्याच्या मुलीनें चार वर्षें डॉलर मोजून परक्या देशाच्या ज्यूरीचे नियम पाठ करावे आणि बांद्र्याच्या कोर्टांत पाऊल टाकल्यावर समोरच्या कागदाचें नांवही तिला ओळखतां येऊं नये, हा व्यवहार प्रस्तुत लेखकास तरी आंतबट्ट्याचा वाटतो. शिवाय परदेशाची घरबसल्या घेतलेली पदवी येथें समकक्ष म्हणून मान्य करून घेणें फार अवघड जातें. ज्या कचेरींत किंवा विद्यापीठांत ती पुढें दाखवावयाची आहे, तेथून आधीं लेखी उत्तर मागवावें. तोंडी आश्वासनावर पैसे भरूं नयेत.

आपल्याकडे घरबसल्या शिक्षण ही नवी गोष्ट नव्हे. दिल्ली विद्यापीठानें पत्रद्वारा शिक्षण १९६२ सालीं सुरू केलें, मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं. संसदेच्या कायद्यानें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं निघालें, आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं. नाशिकच्या विद्यापीठाचें "ज्ञानगंगा घरोघरी" हें ब्रीद ज्यानें कोणी सुचविलें, त्यानें स्वयंपाकघरांत कणकेच्या हातानें पुस्तकाचें पान उलटणारी बाई नक्कीच पाहिलेली असावी.

मात्र "फौजदारी न्याय" एवढ्याच नांवाची पहिली पदवी दूरस्थ पद्धतीनें देणारीं विद्यापीठें येथें विरळा. बहुतेकांना जमणारी वाट दुपेडी आहे. प्रथम समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची बी. ए. करावी, नाशिकच्या विद्यापीठांत ती मराठींतून करतां येते, हा लहान लाभ नव्हे. नंतर इंदिरा गांधी विद्यापीठाची फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका घ्यावी. मधल्या काळांत केंद्र सरकारच्या २०१७ सालीं सुरू झालेल्या 'स्वयम्' ह्या ऑनलाइन शिक्षणाच्या सोयीवर व आयोगाच्या ई-पीजी पाठशाळेंत गुन्हेशास्त्राचें साहित्य चाळून पाहावें. विषय मानवतो कीं नाहीं हें पैसे भरण्यापूर्वींच कळतें. ज्यांना घराबाहेर पडतां येतें त्यांनीं सागरच्या विद्यापीठाचा १९५९ पासून चालत आलेला गुन्हेशास्त्र-विभाग, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, आणि २०२० च्या कायद्यांनीं राष्ट्रीय दर्जा मिळालेलीं गांधीनगरचीं दोन विद्यापीठें, एक न्यायसहायक विज्ञानाचें व दुसरें राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, यांची चौकशी अवश्य करावी.

संस्थेची परीक्षा कशी करावी, हें थोडक्यांत सांगतों. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानें ठराविक विद्यापीठांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. ती प्रथम पाहावी. मग आयोगाच्या दूरशिक्षण-विभागाच्या यादींत त्या विद्यापीठाचें नांव, त्या वर्षासाठीं, आणि त्याच अभ्यासक्रमासाठीं आहे कीं नाहीं तें तपासावें. विद्यापीठ खरें पण अभ्यासक्रमास मान्यता नाहीं, असेंही घडतें. फसतात ते बहुधा येथेंच. २०२४ पासून अशा विद्यार्थ्यास ह्या विभागाचा स्वतःचा ओळख-क्रमांक काढावा लागतो. तो क्रमांक न मागतां प्रवेश देणारा दलाल भेटला, तर त्याची चहाची बशी उचलून घ्यावी.

आतां विषयाच्या गाभ्याकडे वळूं. हा विषय शिकावयास घेणाऱ्यानें जुनें पुस्तक स्वस्तांत मिळालें म्हणून घेऊं नये. १८६० ची भारतीय दंडसंहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, हीं तिन्ही १ जुलै २०२४ पासून बाजूस सरलीं आणि त्यांच्या जागीं भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे २०२३ चे तीन कायदे अमलांत आले. ज्या गुन्ह्यांवर त्या तारखेपूर्वींचे खटले चालू आहेत त्यांना जुनी दंडसंहिताच लागते, म्हणून विद्यार्थ्यास कांहीं वर्षें दोन्ही अंक पाठ करावे लागणार. दंडसंहितेचीं ५११ कलमें होतीं, न्याय संहितेचीं ३५८ आहेत. खुनाचें ३०२ होतें तें १०३ झालें, फिर्याद नोंदविण्याचें १५४ होतें तें १७३. आणि ज्याला आपण पिढ्यान् पिढ्या "चारसोबीस" म्हणत आलों, तो लबाड आतां ३१८ व्या कलमांत जाऊन बसला आहे. म्हण मात्र इतक्या लौकर घर बदलील असें वाटत नाहीं.

कलमांचे अंक हा वरवरचा भाग. खरा फरक कामाच्या पद्धतींत आहे. झडती व जप्तीचें दृक्-श्राव्य चित्रण करण्याची सक्ति झाली. सात वर्षें वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञानें घटनास्थळीं जाण्याची तरतूद झाली. ही राज्यांनीं पांच वर्षांच्या आंत अमलांत आणावयाची आहे. किरकोळ गुन्ह्यांस तुरुंगाऐवजीं समाजसेवेची शिक्षा प्रथमच संहितेंत आली. ह्या प्रत्येक ओळीमागें माणसें लागणार आहेत: चित्रण सांभाळणारीं, नमुने नोंदविणारीं, समाजसेवा करून घेणारीं. शिक्षणाचें मोल ह्या बाजूनें वाढत आहे.

घरांत एकाला जरी हें ज्ञान असलें तरी काय होतें, याचें एक उदाहरण पुरें आहे. गेल्या कांहीं वर्षांत "डिजिटल अरेस्ट" नांवाची एक भयंकर फसवणूक माजली. फोनवर गणवेशांतला मनुष्य दिसतो, तुमच्या नांवें अमली पदार्थांचें पार्सल सांपडल्याचें सांगतो, खोलीचें दार लावून घ्यावयास लावतो, आणि तासन् तास धाक दाखवून आयुष्याची शिल्लक दुसऱ्या खात्यांत वळती करून घेतो. निवृत्त, सुशिक्षित, कायदा मानणारीं माणसेंच त्याला अधिक बळी पडलीं, कारण सरकारी शिक्क्याचा त्यांना आदर. पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मधील आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत याविषयीं सावध करावें लागलें. आतां जी नात नागरिक सुरक्षा संहिता वाचते आहे ती आजोबांना सांगूं शकते कीं, फोनवरून अटक असा प्रकार कायद्यांत कोठेंही नाहीं. साठ वर्षांवरील पुरुषास किंवा कोणत्याही स्त्रीस साक्षीसाठीं पोलीस-ठाण्यावर येण्याची सक्ति करतां येत नाहीं, अधिकाऱ्यानेंच तिच्या राहत्या घरीं आलें पाहिजे. आणि अपवादात्मक प्रसंग सोडल्यास सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत स्त्रीस अटक करतां येत नाहीं. पैसे गेलेच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचें असतें; पहिल्या तासाची किंमत पुढच्या महिन्याहून अधिक. ही एक ओळ वेळेवर आठवली, तरी साऱ्या पदवीची फी भरून निघते.

ऑनलाइन शिक्षणाची उणीव मात्र झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पडद्यावर पुरावा शिकतां येतो, पुराव्याचा वास येत नाहीं. ज्या विद्यार्थिनीस प्रयोगशाळेची ओढ आहे तिनें ही वाट धरूंच नये. तिनें विज्ञानाची पदवी वर्गांतच घ्यावी. पण बाकीच्यांची उणीव मुंबईंत राहणाऱ्यास पुष्कळशी भरून काढतां येते, कारण हें शहरच ह्या विषयाचें उघडें पुस्तक आहे. खारदांड्याहून कलीना किती लांब? तेथें १९५८ पासून राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा काम करीत आहे. डोंगरीस जावें, तर उमरखाडीचा जुना तुरुंग दिसतो. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळक-आगरकरांनीं तेथें १०१ दिवस काढले, आणि आगरकरांनीं त्यावर पुस्तकही लिहिलें. पुढें त्याच वास्तूंत मुलांसाठीं गृह आलें. १९२४ चा मुंबईचा बालकांविषयींचा कायदा आणि १९२७ सालीं स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी यांच्या विचारांतून मुलाला कैदी न समजतां सांभाळावयाचें पोर समजण्याची दृष्टि येथें रुजली. भिंती त्याच, पण आंत कोणाला आणि कशासाठीं ठेवावयाचें हा विचार बदलला. हें शास्त्र म्हणजे काय, हें पंधरा व्याख्यानांनीं कळणार नाहीं तें त्या एका दारासमोर उभें राहिल्यानें कळेल.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत कधीं येत नाहीं. येरवडा व नाशिकरोड येथील तुरुंगांत ह्याच मुक्त विद्यापीठांचीं अभ्यासकेंद्रें चालतात. जें पुस्तक खारच्या इमारतींतली सून दुपारीं उघडते, तेंच पुस्तक त्याच सत्रांत एखादा बंदीही उघडून बसलेला असतो, आणि परीक्षेच्या कागदावर दोघांचीही ओळख केवळ एक क्रमांक असते. कित्येक कुटुंबांना हें ऐकून दचकायला होईल. प्रस्तुत लेखकास त्यांत दचकण्याजोगें कांहीं वाटत नाहीं. ज्या शिक्षणाचा विषयच माणूस पुन्हां माणसांत कसा यावा हा आहे, तें तुरुंगाच्या दाराशीं थबकलें असतें तर अधिक वाईट दिसलें असतें.

"चांगल्या घरच्या मुलीनें हें कशाला?" हा आक्षेप जुना आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीं तो याहून मोठ्या आवाजांत घेतला जात असे. स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ सालीं झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयांत पहिल्या स्त्री-बॅरिस्टर म्हणून मिठन टाटा, पुढें मिठन लाम, उभ्या राहिल्या. १९४७ सालीं त्या मुंबईच्या शेरीफही झाल्या. जानेवारी २०२४ मध्यें श्रीमती रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालक झाल्या, त्या पदावरील पहिल्या स्त्री. गुन्ह्याची झळ घरांतल्या बाईस जितकी लागते तितकी कोणाला लागते? हुंडा, मारहाण, मुलांवरील अत्याचार, बँकेची फसवणूक, यांतलें कांहींही उंबऱ्याबाहेर राहत नाहीं. मग त्याचें ज्ञान तेवढें उंबऱ्याबाहेर ठेवावें, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. खारदांड्याच्या कोळीवाड्यांत तर हा विषय आणखी जवळचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरी 'कुबेर' ह्या मासेमारीच्या बोटीवरून आले, तेव्हांपासून किनाऱ्याची राखण कोळी बांधवांच्या डोळ्यांवांचून होत नाहीं हें सरकारासही उमगलें. तेथल्या एखाद्या मुलीनें किनारा-सुरक्षेचा अभ्यास केला, तर तिला वर्गांतल्या प्राध्यापकांपेक्षां भरती-ओहोटी अधिक कळत असेल.

नोकरीचें काय? येथें स्पष्ट बोललेलें बरें. पोलीस उपनिरीक्षकाच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस कोणतीही मान्य पदवी चालते. फौजदारी न्यायाच्या पदवीधरास वेगळें आसन मांडलेलें नसतें. दूरस्थ पदवी नियमाप्रमाणें असेल तर ती वर्गांतल्या पदवीबरोबरची मानावी, असा आयोगाचा नियम आहे. पण शारीरिक चांचणीचें मैदान कोणालाही ऑनलाइन धांवून पार करतां येत नाहीं. परिविक्षा-अधिकारी, बालगृहें, बंद्यांसाठीं काम करणाऱ्या सामाजिक संस्था, बँकांचे फसवणूक-प्रतिबंधक विभाग, आणि १९८७ च्या कायद्याखालील विधिसेवा प्राधिकरणांचे विधि-स्वयंसेवक, हीं कामें ह्या अभ्यासाला साजेशीं आहेत. त्यांतल्या शेवटच्या कामांत मानधन थोडें, पण अनुभव पुष्कळ. शिकतां शिकतांच तें करावें.

घरबसल्या शिक्षणाचा खरा शत्रु घरच आहे, हेंही सांगून टाकतों. कॉलेजास गेलेल्या मुलीला कोणी "जरा कुकर बंद कर" म्हणून हांक मारीत नाहीं. घरीं बसलेलीस दर पंधरा मिनिटांनीं मारतात. सून पडद्यासमोर बसली म्हणजे ती रिकामी आहे, असा समज साऱ्या घराचा होतो. म्हणून प्रवेशाची फी भरण्यापूर्वीं एकत्र कुटुंबानें एक ठराव करावा: रोजचे दोन तास तिचे, दार लोटलेलें, आणि त्या दोन तासांत चहा ज्याचा त्यानें करावा. परीक्षेच्या महिन्यांत तिच्या वाट्याचें एक जेवण दुसऱ्या कोणी उचलावें; दीर हा प्राणी ह्या कामास अगदींच निरुपयोगी असतो असें नाहीं. जेथें हा ठराव होत नाहीं, तेथें नांव दाखल होतें, पुस्तकें टपालानें येतात आणि कपाटावर चढतात.

इंदिरा गांधी विद्यापीठाचे प्रवेश वर्षांतून दोनदां, जानेवारीच्या व जुलैच्या सत्रांसाठीं, होतात. त्याआधीं महिना-दीड महिना हातीं असेल तर मुलीनें एक-दोन सकाळीं बांद्र्याच्या फौजदारी न्यायालयांत जाऊन बसावें. आपल्या कायद्याप्रमाणें न्यायालय सर्वांस खुलें असतें; बलात्कारासारखे कांहीं खटले तेवढे बंद दाराआड चालतात. फोन बंद करून मागच्या बाकावर बसावें. पहिल्या तासांत बहुधा तारखाच पडतील, एखादा जामीन मंजूर होईल, आणि कोणा आरोपीची आई दाराशीं पदर तोंडाला लावून उभी असेल. दुसऱ्या दिवशींही तिला तेथें जावेंसें वाटलें, तर अर्ज भरावा.